बेचाळिसाव्या रस्त्याच्या डोक्यावरची एक खोली

एक खोली विकायला निघाली आहे. क्षेत्रफळ तीनशे चौरस फूट, फार तर साडेतीनशे. त्यातच एका कोनाड्यात ओटा, एक न्हाणीघर, कपड्यांची दोन कपाटं आणि खिडकीबाहेर झाडं. किंमत तीन ते चार लाख डॉलरच्या दरम्यान, म्हणजे आपल्या हिशेबानं अडीच ते साडेतीन कोटी रुपये. शिवाय दरमहा मेन्टेनन्स वेगळा. जाहिरातीत या खोलीला ‘स्टुडिओ’ म्हटलेलं असतं. स्टुडिओ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चित्रकाराचा घोडा नाहीतर सिनेमाचे दिवे येतात. गिरगावात किंवा लालबागेत वाढलेला माणूस मात्र ही जाहिरात वाचून मिशीतल्या मिशीत हसेल. त्याच्या भाषेत या प्रकाराला नुसती ‘खोली’ म्हणतात, आणि तेवढ्या जागेत आठ-आठ माणसांचे संसार झालेले त्यानं पाहिलेले असतात.

तरीही ही खोली बघायला माणसं रांग लावतात, कारण तिचा पत्ता. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर, गजबजलेल्या बेचाळिसाव्या रस्त्याच्या पूर्व टोकाला, जमिनीपासून चांगल्याच उंचीवर ट्युडर सिटी नावाची एक वसाहत आहे. ग्रँड सेंट्रल स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या अगदी समोर. इतक्या मोक्याच्या जागी असूनही तिथे दुपारी चिमण्यांचा आवाज ऐकू येतो.

ही शांतता भूगोलानं दिलेली आहे. ईस्ट रिव्हरच्या काठी इथे खडकाचा एक उंचवटा होता. बेचाळिसावा रस्ता तो खडक कापून, खोल खिंडीतून नदीकडे जातो आणि वसाहत त्या खिंडीच्या दोन्ही अंगांना वरच राहते. दोन्ही अंगांना जोडणारा एक छोटा पूल आहे. ट्युडर सिटी प्लेस नावाचा वसाहतीचा मुख्य रस्ता त्याच पुलावरून जातो. पहिल्या अॅव्हेन्यूवरून इथे वर यायचं तर पायऱ्या चढाव्या लागतात. मोटार आणायची तर दुसऱ्या अॅव्हेन्यूकडून वळसा घालायचा आणि आल्या बाजूनंच परत जायचं. ‘जाता जाता’ म्हणून या रस्त्यानं कोणीच जात नाही. ज्याचं काम आहे तोच येतो. आपल्याकडे गल्लीच्या तोंडाशी ‘रस्ता बंद’ असा फलक लावून जे साधत नाही, ते इथे नुसत्या चढावानं साधलं आहे.

पायऱ्या चढून वर आलं की पहिल्यांदा नजरेत भरतो तो विटांचा तांबूस-तपकिरी रंग. मग दारावरच्या कमानी, दगडात कोरलेले सिंह आणि गुलाब, जिन्यापाशी रंगीत काचांच्या खिडक्या. इंग्लंडवर १४८५ ते १६०३ या काळात ट्युडर घराण्याचं राज्य होतं. त्या काळच्या हवेल्यांची ही नक्कल आहे, फक्त नक्कल वीस-बावीस मजली आणि पोटात लिफ्ट असलेली. इमारतींची नावंही तशीच भारदस्त : विंडसर टॉवर, हॅडन हॉल, हॅटफील्ड हाऊस, द क्लॉइस्टर, द हर्मिटेज. यातल्या वुडस्टॉक टॉवरनं तर बत्तीस मजले गाठले आहेत. राजेशाही झुगारून दिलेल्या देशात, कचेऱ्यांत काम करणाऱ्या कारकून-टायपिस्टांसाठी बांधलेल्या खोल्यांना राजवाड्यांची नावं द्यावीत, यात बिल्डरची नस ओळखता येते. आपल्याकडचे बिल्डर तरी आता दुसरं काय करत आहेत?

बकऱ्यांच्या टेकडीवर

त्या बिल्डरचं नाव फ्रेड फ्रेंच. गरिबीतून वर आलेला हा गृहस्थ १९२० नंतरच्या तेजीत न्यूयॉर्कमधला मोठा बांधकाम व्यावसायिक झाला. प्रकल्पाचे शेअर सामान्य गुंतवणूकदारांना विकून पैसा उभा करायची त्याची पद्धत ‘फ्रेंच प्लॅन’ म्हणून गाजली होती. १९२५ च्या सुमाराला त्याची नजर या उंचवट्यावर पडली. तेव्हा ही जागा फारशी कोणाला नको होती. एकोणिसाव्या शतकात इथे आयरिश स्थलांतरितांच्या झोपड्या होत्या, बकऱ्या चरत होत्या आणि कॉर्कोरन नावाच्या दादाची टोळी राहत होती. तिच्यावरून टेकडीला ‘कॉर्कोरन्स रूस्ट’ म्हणत, म्हणजे कॉर्कोरनचं खुराडं. पुढे तिथे जुनाट घरं आणि भाड्याच्या कोंदट चाळी दाटल्या. खाली नदीकाठी कत्तलखाने, दारूच्या भट्ट्या आणि वीजकेंद्र होतं. वारा पूर्वेकडून सुटला की त्या वासाची कल्पना देवनारच्या बाजूनं कधी गेलेल्या मुंबईकराला वेगळी करून द्यायला नको.

फ्रेंचनं गाजावाजा न करता एकेक घर, एकेक प्लॉट विकत घेतला. त्याचा हिशेब सरळ होता. मध्यमवर्ग शहर सोडून उपनगरांकडे चालला होता, कारण तिथे हिरवळ होती. मग हिरवळच शहरात आणली आणि कचेरीत चालत जाता येईल अशा अंतरावर स्वच्छ, परवडणारी घरं दिली, तर लोकलच्या प्रवासात आयुष्य कोण घालवील? १९२७ मध्ये पहिल्या इमारतींत बिऱ्हाडं आली आणि पुढच्या तीन-चार वर्षांत जवळजवळ सगळी वसाहत उभी राहिली. निवासी गगनचुंबी इमारतींची जगातली पहिली वसाहत असा तिचा उल्लेख केला जातो. इमारतींच्या मधोमध दोन बागा ठेवल्या. एकीत सुरुवातीला छोटं गोल्फसुद्धा होतं. त्याच सुमाराला इकडे मुंबईत दादरला पालिकेनं एक मोठं मैदान राखलं आणि त्याच्या भोवती मध्यमवर्गाची टुमदार वस्ती वसत गेली, ते शिवाजी पार्क. फरक एवढाच की ते मैदान पालिकेचं होतं आणि ट्युडर सिटीच्या बागा मालकाच्या. या फरकातून पुढे काय घडलं ते खाली येईलच.

त्या वासामुळे मात्र एक गंमत होऊन बसली. फ्रेंचच्या वास्तुकारांनी इमारतींचं तोंड आत, बागांकडे केलं आणि नदीकडे पाठ फिरवली. पूर्वेच्या उंच भिंतींना मोजक्याच खिडक्या ठेवल्या. कत्तलखान्याकडे खिडकी कोण उघडणार? डिसेंबर १९४६ मध्ये, राष्ट्रसंघाला कायमची जागा कुठे मिळावी याची चर्चा अटीतटीला आलेली असताना, जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी नदीकाठची ती सारी जमीन ८५ लाख डॉलर देऊन राष्ट्रसंघासाठी मिळवून दिली. कत्तलखाने गेले. १९५२ पर्यंत तिथे काचेचा एकोणचाळीस मजली उंच ठोकळा, आमसभेचं सभागृह आणि नदीकाठची हिरवळ आली. जगातल्या सर्वांत महागड्या देखाव्यांपैकी एक देखावा ट्युडर सिटीच्या पाठीमागे उभा राहिला आणि तो बघायला वसाहतीला धड खिडक्याच नाहीत! त्या थोड्याथोडक्या खिडक्यांतली एखादी ज्या खोलीला लाभली आहे, तिच्या जाहिरातीत ‘नदीचं दर्शन’ हे शब्द पहिल्या ओळीत असतात.

राष्ट्रसंघ आला आणि वसाहतीच्या पायऱ्यांवर जगभरचे पोशाख दिसू लागले. आमसभेच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष विजयालक्ष्मी पंडित १९५३ मध्ये निवडून आल्या, त्या याच आवारात. त्यांचं सासर मराठी होतं, हे इथे जाता जाता. भारताची खूण आजही या भागात ठळक आहे. दुसरा अॅव्हेन्यू ओलांडून त्रेचाळिसाव्या रस्त्यानं थोडं पश्चिमेला गेलं की लालसर रंगाची एक उंच, सडपातळ इमारत दिसते. ती भारताच्या राष्ट्रसंघातल्या कायम प्रतिनिधींची कचेरी. मुंबईकर वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी तिची रचना केली आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती पुरी झाली. खाली कचेऱ्या, वर कर्मचाऱ्यांची घरं आणि सगळ्यात वर आकाशाकडे उघडणारा भला मोठा चौक. आपल्या वाड्यातली ओसरी उचलून विसाव्या मजल्याच्याही वर नेऊन ठेवावी तसा. ट्युडर सिटीतून संध्याकाळी फेरफटका मारणारा माणूस ती पाहतो, तेव्हा त्याला इंग्लंडच्या जुन्या हवेल्या आणि हिंदुस्थानी ओसरी एकाच नजरेत मिळतात.

भिंतीतली खाट

आता पुन्हा खोलीकडे. ट्युडर सिटीत तीन हजारांच्या आसपास घरं आहेत आणि त्यांतली पुष्कळशी अशी एकखणी आहेत. ती बांधली गेली तेव्हा न्यूयॉर्कमध्ये एकट्यानं राहणाऱ्या नोकरदारांची, विशेषतः नोकरी करणाऱ्या मुलींची संख्या झपाट्यानं वाढत होती. त्यांना घर नको होतं, सुरक्षित बिछाना आणि स्वतःची किल्ली हवी होती. म्हणून खोलीत भिंतीच्या कपाटातून खाली येणारी खाट दिली. दिवसा दार लावलं की दिवाणखाना, रात्री खाली ओढली की शेजघर. विल्यम मर्फी नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या माणसानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा खाटेचं पेटंट घेतलं. स्वतःच्या एकखणी घरात बाई माणसाला बोलवायचं तर बिछाना नजरेआड करायला हवा, या संकोचातून त्याला ही युक्ती सुचली असं सांगतात. आपल्याकडे चाळीत सकाळी वळकट्या गुंडाळून कोपऱ्यात रचल्या की तीच खोली बैठकीची होत असे. त्याचं कोणी पेटंट घेतलं नाही.

काही इमारतींत मूळ खोल्यांना पुरतं स्वयंपाकघरही नव्हतं. एक छोटी पँट्री, तीत शीतकपाट आणि भांडी धुवायची जागा. जेवायला खाली उपाहारगृह होतंच. नंतरच्या मालकांनी त्या कोनाड्यात दोन बर्नरची शेगडी बसवली. त्यावर कूकर चढतो, पण पोळ्यांचा घाट घालायचा तर परात ठेवायला जागा शोधावी लागते. धुण्याचं यंत्र तळघरात, सगळ्यांचं मिळून. तिथल्या बाकावर बसून कपडे वाळायची वाट पाहताना शेजाऱ्यांची जेवढी ओळख होते, तेवढी लिफ्टमध्ये दहा वर्षांत होत नाही.

खिडकी बागेकडे असली की एवढ्याशा खोलीची सगळी गैरसोय माणूस विसरतो. बाग आहे म्हणून खोलीला किंमत आहे. आणि ही बाग एकदा जवळजवळ गेलीच होती.

बागेची लढाई

१९७० मध्ये फ्रेंच कंपनीनं ट्युडर सिटी हॅरी हेल्म्सली या बड्या जमीनमालकाच्या कंपनीला विकली. तेव्हा सगळे रहिवासी भाडेकरू होते. हेल्म्सली यांना दोन्ही बागांच्या जागी दोन उंच इमारती उठवायच्या होत्या. जागा त्यांची, बांधकामाचा हक्कही त्यांचा. रहिवाशांनी सह्या गोळा केल्या, सभा भरवल्या, पालिकेकडे धाव घेतली. डिसेंबर १९७२ मध्ये पालिकेनं नियमात बदल करून त्या दोन्ही बागा सार्वजनिक उद्यानं ठरवल्या आणि मालकाला मोबदला म्हणून तिथलं न वापरलेलं बांधकाम शहराच्या मध्यभागात दुसरीकडे करण्याचा हक्क देऊ केला.

मुंबईच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. हाच तो टीडीआर. मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनं तो आणला आणि तेव्हापासून गिरगावच्या न्हाव्यापासून बोरिवलीच्या वाण्यापर्यंत सगळे त्याबद्दल अधिकारवाणीनं बोलतात. आरक्षणाखाली गेलेल्या जमिनीचं बांधकाम उचलून दुसऱ्या ठिकाणी चढवायचं. न्यूयॉर्कमध्ये ते प्रकरण कोर्टात गेलं. जुन्या मालकाची, म्हणजे फ्रेंच कंपनीची, विक्रीची बरीच रक्कम गहाणापोटी अडकलेली होती. त्यामुळे दावा लावला तो त्यांच्याच कंपनीनं. १९७६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं पालिकेचा नियम रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : जमीन हातून गेली ती नक्की, पण तिच्या बदल्यात दिलेला हक्क कुठे उतरणार, कोण घेणार, किती किमतीला घेणार, हे काहीच नक्की नाही. अधांतरी लटकणाऱ्या हक्काला मोबदला म्हणता येणार नाही. हा खटला तिथल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो. पुढे दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, हाकेच्या अंतरावरच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर मनोरा बांधू न देण्याच्या प्रकरणात देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल पालिकेच्या बाजूनं दिला. ट्युडर सिटीच्या भाडेकरूंना मात्र त्याचा उपयोग नव्हता. त्यांची बाग पुन्हा उघड्यावर पडली होती.

मग अदलाबदलीची बोलणी झाली. पहिल्या अॅव्हेन्यूवरचं पालिकेचं एक क्रीडांगण हेल्म्सली यांना द्यायचं आणि त्यांनी बागा शहराला द्यायच्या. तेही फिसकटलं. १९८० च्या मे महिन्यात, मेमोरियल डेच्या जोडसुटीत, निम्मं शहर समुद्रकिनाऱ्यावर गेलेलं असताना, बाग उखडायला कामगारांची तुकडी येऊन दाखल झाली. सुटीचा मुहूर्त कोणी साधला असेल हे सांगायला नको. कोर्टकचेऱ्या बंद असतात तेव्हाच असली कामं उरकायची असतात, हे जगभरच्या मालकांना ठाऊक आहे. पण भाडेकरू पहारा ठेवून होते. म्हातारी माणसं, नोकरदार बायका, मुलंबाळं खाली आली आणि झाडांच्या पुढे उभी राहिली. ज्यांची उभी हयात एका खोलीत गेली, खिडकीबाहेरचं ते एक झाड सोडलं तर त्या शहरात ज्यांचं म्हणून काही नव्हतं, अशी माणसं. कामगार थबकले, तोवर मनाईहुकूम मिळवला गेला.

त्यानंतरही प्रकरण काही वर्षं रेंगाळलं. १९८५ च्या सुमाराला हेल्म्सली यांनी वसाहत विकली. नव्या मालकांनी इमारती एकामागून एक को-ऑप केल्या, म्हणजे राहणाऱ्यांनाच घरं विकत घेण्याचा पर्याय दिला. १९८७ मध्ये बागा जमिनी राखण्याचं काम करणाऱ्या एका सार्वजनिक न्यासाकडे सोपवण्यात आल्या आणि १९८८ मध्ये सगळ्या वसाहतीला ऐतिहासिक परिसराचा दर्जा मिळाला. आता तिथलं दारही बदलायचं तर परवानगी लागते. बागांची देखभाल रहिवाशांच्या वर्गणीवर चालणारी संस्था करते. बाग मात्र कोणालाही खुली आहे.

लढाया संपल्या असं समजायचं कारण नाही. नदीकाठचं ते जुनं वीजकेंद्र पाडल्यावर राष्ट्रसंघाच्या दक्षिणेला मोठी जागा मोकळी झाली. तिथे हॉटेल, उंच इमारती आणि कॅसिनो उभारायची योजना पुढे आली. सप्टेंबर २०२५ मध्ये स्थानिक समितीनं मतदान करून तो कॅसिनो नाकारला. वसाहतीतल्या जुन्या मंडळींना त्या सभांची सवय होतीच.

विकत घेतलेलं घर, पण कोणाचं?

या खोलीचा सौदा मात्र आपल्याकडच्यासारखा होत नाही. न्यूयॉर्कच्या को-ऑपमध्ये घेणाऱ्याला घर मिळतच नाही. त्याला मिळतात इमारतीच्या मालक कंपनीचे शेअर आणि त्या शेअरांच्या जोरावर खोलीत राहण्याचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा. खोली मोठी तर शेअर जास्त. इमारतीचा कर, उष्णतेच्या नळ्या, डोअरमनचा पगार, इमारतीवर कर्ज असेल तर त्याचा हप्ता, हे सगळं शेअरांच्या प्रमाणात वाटून मेन्टेनन्स म्हणून दरमहा वसूल होतं. स्टुडिओलाही हा आकडा बरेचदा हजार डॉलरच्या आसपास जातो. मेन्टेनन्स हा शब्द ऐकून मराठी माणसाला आपल्या सोसायटीच्या पावतीची आठवण येईल. ते चुकीचं नाही. मुळात सहकारी घरांची कल्पना आपल्यालाही जुनीच आहे. मुंबईत गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहसंस्था १९१५ मध्ये स्थापन झाली, तर न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या फिनिश कामगारांनी त्यांची ना नफा तत्त्वावरची पहिली सहकारी घरं उभी केली ती १९१६ मध्ये.

फरक आहे तो कमिटीच्या अधिकारात. आपल्याकडे सोसायटीच्या सेक्रेटरीनं कितीही नाक मुरडलं तरी पात्र खरेदीदाराला सभासदत्व नाकारायला त्याला कारण द्यावं लागतं आणि त्यावर निबंधकाकडे दाद मागता येते. हस्तांतराच्या प्रीमियमलाही पंचवीस हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे. न्यूयॉर्कचं को-ऑप बोर्ड कारण न देता ‘नाही’ म्हणू शकतं. वंश, धर्म, देश अशा कारणांवरून भेदभाव करायला कायद्यानं बंदी आहे. पण कारणच सांगायचं नाही म्हटल्यावर ते सिद्ध कसं करणार? हा तिथला जुना वाद आहे. १९७९ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना एका को-ऑपमध्ये घर घ्यायचं होतं. रहिवाशांनी इतका विरोध केला की त्यांना माघार घ्यावी लागली. १९८५ मध्ये गायिका मॅडोनालाही एका नामांकित इमारतीनं नकार दिला. पैशाचा प्रश्न दोघांनाही नव्हता.

तेव्हा तीनशे चौरस फुटांसाठी माणूस कागदांचा गठ्ठा तयार करतो. आयकराची विवरणपत्रं, बँकेचे उतारे, नोकरीचा दाखला, मित्रांची आणि जुन्या घरमालकाची शिफारसपत्रं. किमतीच्या वीस-पंचवीस टक्के रक्कम रोख हवीच. शिवाय ती भरल्यावरही वर्ष-दोन वर्षांचे हप्ते आणि मेन्टेनन्स निघेल एवढी शिल्लक खात्यात दिसावी लागते. हे सगळं होऊ घातलेले शेजारी पान उलटून उलटून वाचतात. मग मुलाखतीला बोलावणं येतं. समोर बसलेले पाच-सहाजण म्हणजे पाचव्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक, बाराव्या मजल्यावरच्या वकीलबाई. घरी पाहुणे बरेच येतात का, वाद्य वाजवता का, खोली कायम राहायला हवी की अधूनमधून मुक्कामाला, असे प्रश्न. जाणते दलाल गिऱ्हाइकाला एकच सल्ला देतात : विचारतील तेवढंच बोला, आपणहून घरात काय बदल करणार ते सांगायला जाऊ नका. मुलगी बघायला आलेल्यांपुढे बसावं लागलेल्या आपल्याकडच्या बायकांना या बैठकीचं वर्णन करून सांगायची गरज नाही.

आणखी एक विरोधाभास असा की, राष्ट्रसंघासमोरच्या त्या शहरात पुष्कळ को-ऑप परदेशी वकिलातींच्या अधिकाऱ्यांना घर द्यायला कचरतात. त्यांना राजनैतिक संरक्षण असतं. मेन्टेनन्स थकवला तर दावा लावायचा कोणावर?

ही छाननी अन्यायाची वाटते आणि पुष्कळदा ती असतेही. पण ती करणाऱ्यांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. एकानं मेन्टेनन्स थकवला की बाकीच्यांना तो भरावा लागतो, कारण कंपनी सगळ्यांची मिळून एकच. आर्थिक मंदीच्या वर्षांत कडक को-ऑप त्यामानानं तगून राहिली, याचं श्रेय तिथली जाणकार मंडळी या कडकपणालाच देतात. शिवाय पोटभाडेकरू ठेवायला बंधनं असल्यामुळे इमारतीत दर महिन्याला नवा चेहरा दिसत नाही. एकटी राहणारी सत्तरीची बाई दोन दिवस खाली दिसली नाही तर डोअरमन वर जाऊन दार ठोठावतो. खोलीच्या किमतीत हेही आलं. नुकतंच निवृत्त झालेलं, मुलं दूर गेलेलं, मोठं घर विकून इथे येणारं माणूस बोर्डापुढे मुकाट्यानं उत्तरं देतं ते त्या ठोठावण्यासाठी.

मे महिन्याच्या अखेरीला आणि जुलैच्या मध्याला वर्षातून दोनदा असा दिवस येतो, जेव्हा मावळता सूर्य मॅनहॅटनच्या आडव्या रस्त्यांच्या बरोबर रेषेत येतो. बेचाळिसाव्या रस्त्यावरचा तो देखावा बघायला ट्युडर सिटीच्या पुलासारखी जागा नाही. दुपारपासून लोक तिवया लावून जागा धरतात, गर्दी रस्त्यावर उतरते, पोलीस ओरडतात. एरवी चिडीचूप असलेल्या वसाहतीतले रहिवासी गर्दीला नावं ठेवत खाली येतात आणि तिच्यातच उभे राहतात. क्रायस्लर बिल्डिंगच्या बाजूनं लाल गोळा खाली सरकतो, दोन्हीकडच्या काचा पेटल्यासारख्या होतात, खाली खिंडीतल्या मोटारी क्षणभर तांब्याच्या दिसतात. पंधरा-वीस मिनिटांत सगळं आटोपतं. लोक पायऱ्या उतरून निघून जातात. बागेतल्या बाकांवर आता वसाहतीतलीच चार-दोन माणसं उरलेली असतात, कोणी कुत्र्याला घेऊन, कोणी वर्तमानपत्र. रात्री फाटक बंद व्हायच्या सुमाराला तीही उठतात आणि आपापल्या खोलीत जाऊन भिंतीतली खाट खाली ओढतात.